ओझ्याची अदलाबदल : अ‍ॅसिलीकरण आणि फवारणीचा मजूर

रसायनशास्त्र हा प्रयोगशाळेतील विद्वानांचा विषय, कष्टकऱ्याला त्याचे काय, असा प्रश्न मला कामगार चळवळीत पुष्कळदा ऐकावा लागला आहे. माझे उत्तर असे की, पाठीवर पंप घेऊन जो मजूर कपाशीवर औषध मारतो, त्याच्या शरीरात हेच रसायनशास्त्र चालू असते; त्याला ते ठाऊक असो वा नसो. म्हणून आज एकाच विक्रियेची ओळख करून घेऊ. तिचे नाव अ‍ॅसिलीकरण. नाव अवघड आहे. गोष्ट तशी नाही.

व्हिनेगरला आंबटपणा येतो तो अ‍ॅसेटिक अम्लामुळे. त्याच्या रेणूत एक कार्बन अणू एका ऑक्सिजन अणूशी दुहेरी बंधाने बांधलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन-हायड्रोजनाची जोडी लटकत असते. ही जोडी काढून टाकली की जे उरते तो अ‍ॅसिल गट. येथे त्याचे विशेष नाव अ‍ॅसिटिल. असा गट एका रेणूवरून उचलून दुसऱ्यावर बसविणे म्हणजे अ‍ॅसिलीकरण.

आता हे घडते कसे? दुहेरी बंधातील ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे शेजारचा कार्बन इलेक्ट्रॉनांचा भुकेला राहतो. ज्याच्यापाशी इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी आहे असा एखादा अणू, उदाहरणार्थ अल्कोहोलातील ऑक्सिजन किंवा अमाइनातील नायट्रोजन, जवळ आला की तो या कार्बनाला चिकटतो. दुहेरी बंधाचा एक धागा सुटतो आणि कार्बन क्षणभर चार शेजाऱ्यांना धरून उभा राहतो. ही अवस्था टिकत नाही. दुहेरी बंध पुन्हा जुळतो आणि ज्याची पकड ढिली तो जुना सोबती निघून जातो. धान्याच्या यार्डात एक हमाल दुसऱ्याच्या डोक्यावर पोते देतो तेव्हा क्षणभर ते दोघांच्याही हातांत असते. मग पहिला हात सोडतो. तसेच हे.

जुना सोबती किती सहज निघतो, यावर सारा वेग अवलंबून. क्लोरीन चटकन निघतो, म्हणून अम्लांची क्लोराइडे फार तिखट. त्यांच्याखाली अ‍ॅनहायड्राइड, त्याखाली एस्टर आणि सर्वांत खाली अमाइड, अशी ही उतरंड आहे. दमट हवेत अ‍ॅसिटिल क्लोराइडाचा धूर निघतो त्याचे कारणही हेच : हवेतील पाणी अ‍ॅसिटिल गट घेते आणि हायड्रोक्लोरिक अम्ल बाहेर पडते. कामगाराच्या डोळ्यांतील ओलाव्यावरही हीच विक्रिया होते. चष्मा आणि हातमोजे ही मालकाची मेहेरबानी नसून विक्रियेची मागणी आहे, ती अशी.

1897 मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी सॅलिसिलिक अम्लावर अ‍ॅसिटिल गट बसवून शुद्ध अ‍ॅस्पिरिन तयार केले. तेथे गट देणारा अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड होता. गंमत पुढेच आहे. पोटात गेलेली अ‍ॅस्पिरिन तोच गट शरीरातील एका एंझाइमाच्या सेरीन नावाच्या भागावर ठेवून देते. एंझाइमाचे काम बंद पडते आणि दुखणे कमी होते. म्हणजे कारखान्यात जी अदलाबदल चालते, तीच देहातही चालते.

आता मज्जातंतूंकडे वळू. एका तंतूचा निरोप पुढे रसायनाने पोहोचू शकतो, हे ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखविले. तो निरोप्या म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. निरोप पोहोचला की निरोप्याला हटवावे लागते, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. हे काम एक एंझाइम करते. ते आपल्या सेरीनवर अ‍ॅसिटिल गट घेते, लगेच पाण्याच्या हवाली करते आणि पुढच्यासाठी हात मोकळा करते. एका सेकंदात असे हजारो फेरे होतात.

कीटकनाशके नेमका हाच हात धरतात. कार्बारिलसारखी कार्बामेट औषधे सेरीनवर असा गट ठेवतात की पाण्याला तो काढावयास कित्येक मिनिटे, कधी तासही लागू शकतात. भोपाळच्या ज्या कारखान्यात 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, तेथे हेच कार्बारिल तयार होत असे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधे सेरीनवर फॉस्फरसाचा गट बसवितात. काटेकोर भाषेत तो अ‍ॅसिल गट नव्हे. पण चाल तीच. तो मात्र आपणहून सहजासहजी सुटत नाही आणि काही काळाने कायमचा घट्ट बसतो. हमालाच्या हाताला पोते चिकटून बसले, असे समजा. मग तोंडाला लाळ, अंगाला घाम, बाहुल्या बारीक, छाती भरलेली आणि शेवटी श्वास थांबतो.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. वापरात औषधे अनेक होती. त्यांत ही दोन्ही होती. अकोला-अमरावतीकडेही बाधा झाली. सरकारने काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. कार्बारिलवर 2018 मध्ये देशभर बंदी आली.

आता उपाय. हा गट कातडीतूनही आत जातो, म्हणून भिजलेले कपडे ताबडतोब उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे आणि औषधाची बाटली घेऊन रुग्णालय गाठावे. तेथे अ‍ॅट्रोपीन देतात. ते अ‍ॅसिटिलकोलीनचा परिणाम रोखते. 1955 च्या सुमारास आयर्विन विल्सन यांनी पुढे आणलेले प्रॅलिडॉक्झाइम सेरीनवरील फॉस्फरसाचा गट स्वतःवर उचलून घेते. मात्र गट कायमचा बसण्याआधी ते मिळाले पाहिजे. म्हणून उशीर हाच खरा वैरी.

आणखी एक गोष्ट. हे एंझाइम रक्तात मोजता येते. कॅलिफोर्नियात अशी औषधे हाताळणाऱ्या शेतमजुरांची ही तपासणी 1974 पासून नियमाने होते. हंगामापूर्वी एकदा आणि हंगामात पुन्हा रक्त पाहिले, तर लक्षणे दिसण्याआधीच मजुराला फवारणीवरून बाजूला करता येते. मेळघाटातून कामासाठी खाली मैदानात उतरणाऱ्या कोरकू मजुराला आणि वऱ्हाडातील प्रत्येक फवारणी करणाऱ्याला ही तपासणी मिळाली पाहिजे. विक्रिया कोणाची जातपात पाहत नाही, मजुरीही पाहत नाही. ती समजून घेणे आणि तिच्या आधी पोहोचणे, एवढेच आपल्या हाती आहे. आणि ते थोडे नाही.