पुढून म्हातारा होणारा ट्रॅक्टर

चैत्र लागला की सुलतानपूरच्या शिवारात घाई सुरू होते. तूर-हरभरा घरात आलेला, पऱ्हाटी उपटून झालेली, वावर मोकळे. मृगाआधी दोन गोष्टी वावरात पडायला हव्यात : वर्षभर उकिरड्यात कुजलेले शेणखत आणि मिळाला तर तलावातला गाळ. नांगरटीला मोठा ट्रॅक्टर भाड्याने मिळतो. अडते ते भरण्यापाशी. फावड्या-घमेल्याने ट्रॉली भरायला चार-पाच माणसे लागतात आणि तेवढी माणसे एका दिवशी एका घरी येतील, हे दिवस गेले. जेसीबी बोलवावा तर तो तासाने पैसे घेतो आणि गोठ्यामागच्या बोळात शिरत नाही. या दोन्हींच्या मध्ये उरलेली जागा भरून काढणारे यंत्र म्हणजे १५ ते २५ हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याच्या तोंडाला लावलेला लोडर. नवा घेणे बहुतेकांना झेपत नाही, म्हणून जुना. आणि जुना घेताना मेहकर-लोणार पट्ट्यातला हुशार माणूसही फसतो, कारण तो ट्रॅक्टर पाहतो आणि विकत घेतो लोडर.

मिनी ट्रॅक्टर आपल्याकडे दोन वाटांनी आला. बंगळुरूची व्हीएसटी कंपनी १९६७ची. जपानच्या मित्सुबिशीशी हातमिळवणी करून तिने आधी पॉवर टिलर आणि नंतर छोटे ट्रॅक्टर काढले. तिचा तीन सिलिंडरचा एमटी १८० द्राक्षबागांमुळे महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला. दुसरी वाट राजकोटची. तिथल्या कारखान्यांनी कपाशीच्या दोन ओळींतून जाईल असा अरुंद, एका सिलिंडरचा ट्रॅक्टर बांधला. महिंद्राचा १५ हॉर्सपॉवरचा युवराज २१५ याच घराण्यातला. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात तो डवरणी-फवारणीसाठी आला आणि देऊळगाव राजाकडच्या शेडनेटवाल्यांनाही सोयीचा वाटला. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९ ते १८ हॉर्सपॉवरचे मिनी ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर मिळाले. तेव्हा मर्यादा साडेतीन लाखांची होती, त्यात गटाचा वाटा ३५ हजार. जुना माल पाहताना हे लक्षात ठेवावे. अनुदानाचा ट्रॅक्टर परस्पर विकता येत नाही, आणि तो एका सभासदाचा नसून गटाचा असतो. मग कुणाची सही चालते आणि कुणाची नाही, यावर पुढे वर्ष जाते.

यातल्या एकाचीही घडण तोंडाला ओझे उचलण्यासाठी झालेली नाही. ट्रॅक्टरचे बळ मागे असते. हॅरी फर्ग्युसनने १९२६ मध्ये ज्याचे पेटंट घेतले ती तीन-बिंदू जोडणी अवजार मागे धरते आणि नांगराची ओढ मागच्या चाकांना जमिनीत रोवते. पुढचा ॲक्सल बिचारा वळण्यापुरता. लोडर लावला की हे सगळे उलटे होते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बकेटमध्ये ३०० किलो ओली माती आहे आणि तिचा भार पुढच्या ॲक्सलच्या दीड मीटर पुढे पडतो, असे धरा. या ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतरही साधारण दीड मीटरच. पुढचा ॲक्सल टेकू झाला, पहारीखाली दगड ठेवतो तसा. मागच्या चाकांवरून ३०० किलो उचलले गेले आणि पुढच्या ॲक्सलवर ६०० किलो वाढले; लोडरचे स्वतःचे वजन वेगळेच. अख्ख्या ट्रॅक्टरचे वजन आठशे किलोच्या आसपास! शिवाय ब्रेक मागच्या चाकांना असतात. मागचे वजन गेले की ब्रेकची पकडही गेली. धुऱ्यावरून उतारावर येताना भरली बकेट उंच ठेवणारा पोऱ्या पाहिला की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून लोडरचा ट्रॅक्टर म्हातारा होतो तो पुढून. इंजिन ठणठणीत असते, रंग परवाच मारलेला असतो, मीटरवर तास कमी दिसतात (मीटर बंद पडून किती वर्षे झाली हे कोण सांगतो?). "भाऊ, एका सेल्फात उठते," असे विकणारा सांगतो आणि खरेच उठवून दाखवतो. ट्रॅक्टर आधी अर्धा तास चालवून गरम केलेला नाही ना, एवढे मात्र हात लावून पाहावे. थंड इंजिनच खरे बोलते. ऑइलचे झाकण उघडून बॅक कंप्रेशन पाहावे, धूर निळा आहे की काळा ते पाहावे. इतके सगळेच जण पाहतात आणि व्यवहार ठरवून मोकळे होतात. पारखणारा माणूस इथून पुढे कामाला लागतो.

आधी पुढचा भाग जॅकवर घ्यायचा. चाक वरखाली हलवले तर बेअरिंग आणि किंगपिनचा बुश किती खाल्ला ते हाताला कळते. ॲक्सलची मधली पिन ढिली असेल तर ट्रॅक्टर चालताना डोलतो. मग बकेटखाली टॉमी घालून उचक द्यायची. प्रत्येक सांध्यावर पिन आणि बुश असतो. ग्रीस न खाता दोन उन्हाळे चाललेल्या लोडरच्या पिना अंडाकृती झालेल्या असतात आणि बकेटचे टोक वीतभर हलते. नवी पिन लेथवर होते, तो खर्च फार नाही. भोकच मोठे झाले असेल तर वेल्डिंगने भरून पुन्हा बोअर करावे लागते, तिथे पैसे लागतात.

सगळ्यांत महत्त्वाची खूण लोडरच्या चौकटीत आहे. चांगली चौकट ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागच्या ॲक्सलपर्यंत जाते आणि भार वाटून घेते. गावठी फॅब्रिकेशनची चौकट पुष्कळदा इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या बोल्टांवरच टांगलेली असते. ते हाउसिंग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते. सततच्या हिसक्यांनी त्याला केसासारखा तडा जातो आणि त्यावर रंग मारला की दिसत नाही. चिंधी डिझेलमध्ये भिजवून तो भाग पुसावा, कोरडा होऊ द्यावा. तडा असेल तर तिथून डिझेल पुन्हा पाझरते. हे निघाले तर भाव करत बसू नये, चहा पिऊन परत यावे.

हायड्रोलिकची परीक्षा सोपी. भरलेली बकेट कमरेइतकी उचलायची, इंजिन बंद करायचे आणि दूर उभे राहून गप्पा मारायच्या. गप्पा संपेपर्यंत बकेट जमिनीला टेकली तर तेल आतल्या आत निसटते आहे. सिलिंडरचे सील गेले किंवा लिव्हरखालचा व्हॉल्व्ह झिजला. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावरून नख फिरवावे. नख अडले तर क्रोम उडाले आहे, आणि त्या जागी नवे सील घातले तरी ते हंगामभर टिकत नाही.

दुरुस्तीची सुरुवात तेलापासून होते. फायनान्सवाल्यांनी ओढून नेलेला ट्रॅक्टर यार्डात दोन पावसाळे उभा राहिलेला असतो. हायड्रोलिकचा प्लग उघडला की ताकासारखे पांढुरके तेल येते, म्हणजे पाणी शिरले आहे. काही छोट्या ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रोलिकचे तेल एकच असते. गिअर झिजून निघालेले धातूचे कण त्याच तेलातून पंपात जातात. कुणीतरी त्यात नव्वद नंबरचे गिअर ऑइल ओतलेले असते, कारण दुकानात तेच होते. ते जाड तेल थंडीत पंपाला ओढवत नाही. पंप किंचाळतो आणि लोक पंपच बदलतात. सगळे तेल काढावे, आतली जाळी रॉकेल-डिझेलने धुवावी, कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलेच तेल भरावे. निम्मे आजार इथेच बरे होतात.

मग सिलिंडर. ग्लँड खोलून पिस्टन ओढला की सील किटचा सगळा संसार समोर येतो. बाहेरच्या तोंडाला वायपर असतो, येणारा दांडा पुसून आत घेणारा. शेणखताच्या कामात आधी तोच फाटतो, त्यातून बारीक रेती आत जाते आणि क्रोम ओरखडते. किट स्वस्त असते. तालुक्याच्या दुकानात मोजमाप घेऊन मिळते. दांड्याला हार्ड क्रोम करायचे असेल तर मात्र औद्योगिक गाव गाठावे लागते. हे सांभाळून करायचे कारण आतला जोर. दाब १५० बार असला तर ५० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर जवळपास तीन टनांनी ढकलतो. लोडरचा हात लांब असल्याने बकेटच्या टोकाला त्यातले काही शेच किलो पोहोचतात. याच दाबाने होज पाइपच्या सुईएवढ्या छिद्रातून निघालेले तेल कातडीत घुसते. गळती बोटाने शोधू नये, पुठ्ठा धरावा. तेल घुसले तर जखम बारीक दिसते, पण ती हळद लावून बरी होणारी नव्हे; लगेच मोठा दवाखाना.

डिझेलची टाकी धुणे, फिल्टर बदलणे, एअर काढणे, बॅटरी, सेल्फ, ऑइल बाथ एअर क्लीनरमधले उंदराचे घरटे हे सारे कोणताही मिस्त्री दोन दिवसांत उरकतो.

कागद मात्र उरकत नाहीत. आरसी बुकावर एमएच-२८, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा नंबर असेल तर बरे, नाहीतर दुसऱ्या आरटीओची एनओसी आणावी लागते. बोजा चढवलेला असेल तर बँकेचा किंवा फायनान्सचा फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. इसार देण्याआधी हे पाहावे. "कागद नंतर करून देतो" म्हणणारा नंतर फोन उचलत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

हे सगळे करून हातात काय येते? शेणखताचे एक घनमीटर ओलाव्यानुसार पाचशे ते सातशे किलो भरते. मिनीची बकेट घनमीटरच्या पाचव्या हिश्श्याची धरली तर एका घासात शंभर ते एकशे चाळीस किलो. हे त्याला सहज जमते. तीच बकेट ओल्या काळ्या मातीने भरली की साडेतीनशेच्या घरात जाते, आणि वरचा हिशेब आठवावा लागतो. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने 'सुजलाम सुफलाम बुलडाणा' मोहीम काढली तेव्हा तलाव पोकलेनने उपसले, गाळ ट्रॉल्यांनी धुऱ्यावर येऊन पडला, आणि तो पसरायचा कसा हा प्रश्न शेतकऱ्यावर राहिला. पसरण्याचे काम छोट्या लोडरचे आहे. खणण्याचे नाही. मुरूम खणायला त्याला लावणारे लोकच पुढे तो स्वस्तात विकतात.

मागे वजन हवेच. टायरमध्ये पाणी भरतात, काही जण रोटाव्हेटर मागे अडकवून ठेवतात. सिमेंट ओतलेली पेटी सगळ्यांत चांगली, ती कुणी उसनी मागत नाही.

मृगाचा पाऊस पडला की ट्रॅक्टर पेरणीला, डवरणीला लागतो आणि लोडर उतरवावा लागतो. उतरवताना सिलिंडरचे दांडे पूर्ण आत घ्यायचे, म्हणजे क्रोम तेलात राहते आणि पावसाळ्यात गंजत नाही. होजच्या तोंडांना टोप्या लावायच्या, पिनांना ग्रीस भरायचे. व्यापाऱ्याकडे लोडर पाहायला गेलात आणि दांडे बाहेर, उघड्यावर, तांबूस ठिपके पडलेले दिसले, की भाव तिथूनच खाली ओढायला सुरुवात करावी. "लोडर तर भाऊ तुम्हाला फुकटच पडला," असे तो म्हणेलच.