नव्या मोटारसायकलची पहिली सर्व्हिसिंग घरी करावी का?

भोर-वेल्ह्याकडे भातलावणीच्या घाईत दिवस मोडून गाडी शोरूमला नेणे जिवावर येते. 'तेलच तर बदलायचंय' म्हणून हात पान्याकडे जातो. पहिल्या खेपेला तो आवरा.

नव्या इंजिनात दट्ट्याच्या कड्या, गिअरचे दाते घासून बसत असतात. त्याचा बारीक कीस तेलात उतरतो. म्हणून पहिले तेल लवकर बदलावे लागते. पुष्कळ गाड्यांना ५०० ते ७५० किलोमीटरला. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत पाहावा. किलोमीटर किंवा दिवस, जे आधी भरेल ते धरावे.

या सर्व्हिसिंगची मजुरी बहुधा कूपनावर माफ असते, पैसे पडतात ते तेलाचे. मग घरी करून वाचते काय? उलट पुस्तिकेत शिक्का नसेल, तर पुढे हमीच्या मुदतीत इंजिन बिघडल्यास कंपनी हात वर करू शकते. आदल्या दिवशी फोन करून नंबर लावावा आणि खत-बियाण्याला जाताना गाडी टाकावी.

मी स्वतः एकदा तेलाचा खालचा बोल्ट जोराने पिळला. ॲल्युमिनियमचे आटे गेले, आणि दुरुस्तीत तेलाच्या कितीतरी पट पैसे गेले!

घरी करायचे ते वेगळे. गाडी चिखलातून आली की चेन पुसून तेल द्यावे, ताण बघावा, चाकात हवा पाहावी. हमी संपल्यावर तेल खुशाल घरी बदला. फक्त जळके तेल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.