एक तंतू, अनेक लहरी

जळगावहून धुळ्याला जाताना रस्त्याच्या कडेला चर खणून त्यात लांबलचक नळ्या पुरताना तुम्ही पाहिले असेल. त्या नळ्यांतील केबलमध्ये केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात. त्यांना प्रकाशतंतू म्हणतात. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज येथे असे तंतू तयार होतात.

एकाच तंतूतून अनेक संदेश एकाच वेळी कसे जातात? प्रत्येक संदेशासाठी वेगळ्या तरंगलांबीचा लेसर प्रकाश वापरतात. तरंगलांबी म्हणजे लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर. पण प्रत्येक तरंगलांबीला वेगळा लेसर ठेवला, तर खर्च वाढतो. एकाच लेसरने हे काम केले तर?

१९७८ मध्ये कॅनडात केनेथ हिल व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की लेसर प्रकाशाने तंतूच्या काचेत कायमचे पट्टे उमटतात. या पट्ट्यांच्या रांगेला ग्रेटिंग म्हणजे जाळी म्हणतात. दोन पट्ट्यांतील अंतर मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतके असते. प्रत्येक पट्टा थोडासाच प्रकाश परत पाठवतो. पण एका ठराविक तरंगलांबीच्या परतणाऱ्या लहरी, एका तालात पडणाऱ्या टाळ्यांसारख्या, एकमेकींना बळ देतात. बाकीच्या लहरी पुढे निघून जातात. म्हणजे जाळी हा एकाच तरंगलांबीचा आरसा झाला!

तंतूच्या काचेत अर्बियम हे मूलद्रव्य मिसळून त्याला बाहेरून दुसऱ्या लेसरची ऊर्जा दिली, की ते आतला प्रकाश वाढवते. जाळ्यांच्या आरशांमध्ये ये-जा करून हा प्रकाश बळकट होतो. हाच तंतू-लेसर. वेगवेगळ्या अंतरांच्या जाळ्या बसवल्या, की वेगवेगळ्या तरंगलांबी मिळतात. जाळी किंचित ताणली किंवा तापवली, की तिची तरंगलांबी वाढते. खुंटी पिळून सतारीचा सूर लावावा, तशी ती हवी तेथे आणता येते.

मात्र एक अडचण आहे. एका ताटात जेवणाऱ्या भावंडांपैकी एकानेच सारे खावे, तसे सर्वांत बलवान लहर अर्बियमची ऊर्जा घेते आणि बाकीच्या विझतात. म्हणून प्रयोगशाळेत अर्बियमचा तंतू द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला, थंड करून पाहिला. तेव्हा प्रत्येक लहरीला तिचा वाटा मिळू लागला. पण असा थंडावा रोजच्या वापरात सोयीचा नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी लहरींचे बळ सारखे राखण्याचे इतर मार्गही शोधले.

ताणाने तरंगलांबी बदलते, तर तरंगलांबी मोजून ताण ओळखता येईल का? होय. काही पुलांवर अशा जाळ्या बसवून त्यांच्यावरचा ताण मोजतात. तापीवरचा पूल ओलांडताना हे जरूर आठवा.