शिवार, शहर आणि रस्ता : कतारगामचे उदाहरण

सुरत शहराच्या बाहेरील तटाला जे दरवाजे होते, त्यांपैकी एक कतारगाम दरवाजा. तटाबाहेरच्या कतारगाम या खेड्याची वाट तेथून निघे. आज तट राहिला नाही आणि खेडेही खेडे राहिले नाही. हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने आणि सौराष्ट्रातून आलेल्या कारागिरांची घरे यांनी तेथील शिवार व्यापले आहे. सुरतेची लोकसंख्या १९६१ साली तीन लाखांच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती ४४ लाखांवर गेली. वाट मात्र कायम आहे.

घर पाडून नवे बांधता येते. रस्त्याचे तसे नाही. दुतर्फा मालकी पक्की झाली की त्याची जागा सहसा बदलत नाही. म्हणून शेत बिनशेती होताना पडलेली आखणी पिढ्यान् पिढ्या पुरते अथवा नडते.

चौकात चार रस्ते मिळतात, तिठ्यावर तीन, आणि बोळाच्या टोकाला एकच. पहिले दोन जितके अधिक, तितकी वस्तीची जोडणी चांगली. परंतु प्रत्येक शेतमालक आपल्याच गटाचे भूखंड पाडू लागला, की आतला रस्ता शेजाऱ्याच्या बांधाशी थांबतो. पाठीला पाठ लागलेल्या दोन घरांमध्येही मग मुख्य रस्त्यापर्यंतचा वळसा पडतो. शाळेचे मूल, पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका, सर्वांची गर्दी त्याच एका रस्त्यावर होते. १९७५ ते २०१४ या काळातील नव्या वस्त्यांच्या जागतिक पाहणीत बहुतेक देशांत असे तुटक रस्ते वाढल्याचे आढळले. बोलिव्हिया, अर्जेंटिना, पेरू येथे मात्र चौकटीची आखणी बरीचशी टिकून होती.

सप्टेंबर १९९४ मध्ये कतारगामलगतच्या वेड रस्त्याच्या परिसरात प्लेगची साथ आली, तेव्हा दाटीच्या वस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. १९९५ पासून महानगरपालिकेने स्वच्छतेबरोबर रस्ते रुंद करण्याचे कामही हाती घेतले; त्यासाठी उभी बांधकामे पाडावी लागली.

यावर जुना उपाय नगर रचना योजनेचा होय. गुजरात १९६० पर्यंत मुंबई राज्यात असल्याने १९१५ व १९५४ चे मुंबई नगर रचना कायदे दोन्ही राज्यांचा समान वारसा आहेत. योजनेत अनेकांच्या जमिनी एकत्र धरून प्रथम रस्ते, उद्याने व शाळांच्या जागा आखल्या जातात आणि उरलेली जमीन सुबक भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत मिळते. क्षेत्र घटते, पण प्रत्येक भूखंडाला रस्ता लागतो. शेतकऱ्यांची खरी तक्रार विलंबाची असते, आणि ती रास्त आहे. गुजरातेत योजना वर्षानुवर्षे रेंगाळत, तोवर अनधिकृत घरे उठत. १९९९ च्या दुरुस्तीने प्रारूप योजना मंजूर होताच रस्त्यांच्या जमिनीचा ताबा घेण्याची सोय झाली.

महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक व नगर रचना अधिनियमात हीच तरतूद असून नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात सिडकोने ती वापरली आहे. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत हरकती व सूचना देता येतात. नकाशा पाहताना आपल्या भूखंडाइतकेच योजनेच्या शिवेकडेही पाहावे : तेथे पोहोचणारा रस्ता पुढच्या गावाच्या पाणंदीला मिळतो, की बांधाशीच थांबतो?