घरचा गुण्या आणि तिरपी पट्टी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात, आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूर परिसरात दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या. माळवदाचे खांब-तुळयांचे सांगाडे मात्र काही ठिकाणी उभे राहिले. अशा सांगाड्याचे बळ सांध्यांत असते, आणि सांधा घट्ट बसण्यास काटकोन अचूक हवा.

त्यासाठी गुण्या विकतच घ्यावा असे नाही. वाळलेल्या लाकडाच्या दोन सरळ पट्ट्या कोपऱ्यावर एकाच खिळ्याने जोडाव्यात. बाहेरील कडांवर, कोपऱ्यापासून एकीवर ३० व दुसरीवर ४० सेंटिमीटरवर खूण करावी. खुणांमधील अंतर नेमके ५० सेंटिमीटर भरले की तिसरी पट्टी तिरपी ठोकावी. आता फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ मारावी, तो पालथा करून त्याच बिंदूतून पुन्हा मारावी. रेघा फाकल्या, तर गुण्याचा दोष त्या फरकाच्या निम्मा समजावा.

शाळेतील डुगडुगत्या बाकास खिळे वाढवून उपयोग होत नाही, हे शिक्षकांना ठाऊक असेलच. चौकट दाबाने कलते. त्रिकोण कलत नाही. तेव्हा पायांमध्ये मागील बाजूस एक तिरपी पट्टी बसवावी. घराच्या दगडी भिंतीला मात्र हा उपाय लागू नाही. तेथे अभियंत्याचा सल्ला घ्यावा.