घरचा संगणक बंद पडतो तेव्हा : विजेपासून लिनक्सपर्यंत

प्रदेश आणि यंत्र

शिरोळ तालुक्यातून कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्या वाहतात. जयसिंगपूर त्याच तालुक्यातले शहर. पावसाळ्यात इथली हवा महिनोन्‌महिने दमट राहते, वादळी पावसात वीज जाते-येते आणि उसाचा हंगाम सुरू झाला की पाचट जाळल्याची काजळी दारा-खिडक्यांतून आत येते. घरच्या संगणकाला या तिन्ही गोष्टी बाधतात. त्यामुळे लिनक्सच्या पडद्यावर उमटलेल्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा लिनक्समध्ये नसून त्याच्या खालच्या थरात असते. ‘लिनक्स पुन्हा टाकून पाहू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. खरे तर तो शेवटचा उपाय. तपासाचा क्रम वीज, जोडण्या, डिस्क आणि मग प्रणाली असा खालून वर ठेवल्यास वेळ व पैसा दोन्ही वाचतात.

वीजपुरवठा

संगणकातील एसएमपीएस हा डबा घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. वीज गेल्यावर त्याच्या कपॅसिटरमधील साठा साधारण १६ मिलिसेकंद पुरतो. ५० हर्ट्‌झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे हा साठा एका आवर्तनापुरताही नसतो. घरच्या इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला याहून जास्त वेळ लागला, तर पंखा गतीमुळे फिरत राहतो, संगणक मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ असे लिहिलेले एक बटण असते. त्या स्थितीत बदल लवकर होतो. दोष संगणकाचा ठरवण्याआधी ते बटण पाहावे. एसएमपीएस जुना झाला की कपॅसिटर फुगतात आणि साठा आणखी कमी होतो. मल्टिमीटरवर आकडे बरोबर आले म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण ती मोजणी बहुधा भार नसताना केलेली असते. हा डबा उघडून पाहणे मात्र धोक्याचे आहे. प्लग काढल्यावरही आत विद्युतभार शिल्लक राहतो.

घड्याळाची बॅटरी

मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या बॅटरीचे नाव सीआर २०३२. नावातच माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तीन व्होल्टची ही बॅटरी संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवते. ती संपली की तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि दोष भलतीकडेच दिसू लागतो. ब्राउझर बँकेच्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र नाकारतो, लिनक्सची अद्ययावत आवृत्ती उतरत नाही, आणि डिस्क मागच्या वेळी ‘भविष्यात’ वापरली गेल्याची तक्रार सुरू होताना दिसते. इंटरनेट जोडणीवर संशय घेण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख वाचणे म्हणूनच महत्त्वाचे. एक अपवाद आहे. विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर असतील आणि फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर बॅटरी ठीक आहे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ धरतो, विंडोज भारतीय. वाद फक्त तेवढाच.

रॅमच्या जोडण्या

पंखे फिरतात, पडदा काळाच राहतो आणि कधी बीप ऐकू येते : दमट दिवसांतला हा नेहमीचा प्रसंग. रॅमच्या पट्टीवरील सोनेरी पट्ट्या आणि खाच यांच्यामध्ये धूळ-ओलाव्याचा पातळ थर बसून संपर्क तुटतो. प्लग काढून, हात कॅबिनेटच्या धातूला लावून, पट्टी बाहेर घ्यायची; सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलकेच पुसायची आणि रबराचा चुरा ब्रशने झटकून दोन्ही बाजूंचा ‘खट्’ आवाज येईपर्यंत ती दाबून बसवायची. एवढ्यानेही यंत्र मधूनच अडकत असेल, तर रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवावी. तिच्यात एकही चूक आढळली, तर ती पट्टी बदलावीच.

डिस्क आणि केबल

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. लिनक्सवर ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा ती वाचून दाखवते. हार्ड डिस्कच्या लांबलचक यादीतल्या तीन ओळी बोलक्या आहेत. पाचव्या क्रमांकाची ओळ बदललेल्या खराब जागा मोजते, १९७ क्रमांकाची वाचता न आलेल्या जागा. हे आकडे वाढत असतील, तर डिस्क जाण्याच्या मार्गावर आहे. पण फक्त १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर बिघाड सहसा डिस्क व मदरबोर्ड यांच्यामधील केबलचा असतो, आणि चांगली डिस्क उगाच बदलली जाते.

लिनक्सच्या नोंदी

आता प्रणालीची पाळी. ‘जर्नलसीटीएल’ला मागच्या सत्राची नोंद मागितली, की बंद पडण्यापूर्वीच्या शेवटच्या ओळी मिळतात. तापमानाची सूचना असेल, तर पंख्यातली काजळी साफ करावी. डिस्क वाचता न आल्याची ओळ असेल, तर वरचे तीन आकडे पाहावेत. नोंद एकही तक्रार न करता मध्येच तुटली असेल, तर तोही पुरावाच : लिनक्सला लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे संशय पुन्हा विजेकडे जातो. अचानक बंद पडल्यावर ‘एक्स्ट४’ ही फाइलरचना आपल्या जर्नलवरून स्वतःला सावरते. मात्र जतन न केलेला मजकूर ती परत आणू शकत नाही.

पुराचे पाणी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील अनेक गावांत पाणी शिरले. भिजलेला संगणक ‘चालतो का’ म्हणून सुरू करून पाहणे ही सर्वांत महाग चूक आहे. गाळ-पाण्यातून वीज वाहिली, की वाचलेले भागही जळतात. प्लगबरोबर घड्याळाची बॅटरीही काढावी, कारण तीसुद्धा ओल्या बोर्डाला वीज देत राहते. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असते. त्यातून पाणी आत जाऊ शकते, आणि डिस्क बाहेरून कोरडी दिसली तरी आत गाळ राहू शकतो. अशा डिस्कला वीज न जोडता ती माहिती परत मिळवणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी. जूनपूर्वी दुसऱ्या डिस्कवर घेतलेली आणि नदीकाठापासून दूर ठेवलेली प्रत हाच पुरावरचा खात्रीचा उपाय आहे.