छप्पर नसलेल्या मोटारीची चाल

मोटारीचे छप्पर काढून टाकले तर ती हलकी होईल आणि अधिक चपळपणे धावेल, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः घडते ते उलटे. एकाच नमुन्याची बंद मोटार आणि उघडी मोटार तोलून पाहिली, तर बहुधा उघडीच जड भरते. हा विरोध का उद्भवतो हे समजले, म्हणजे दोन आसनांच्या वेगवान उघड्या मोटारींची तुलना कोणत्या कसोट्यांवर करावी हेही उमगू लागते.

आपल्या देशात अशा मोटारी घडविण्याचे प्रयत्न थोडेच झाले. त्यांपैकी एक बंगळूरचा. रेल्वेची डिझेल इंजिने तयार करणाऱ्या तेथील सॅन उद्योगसमूहाच्या सॅन मोटर्स या कंपनीने विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ ही उघडी मोटार बाजारात आणली. तिचे कवच काचतंतूंचे होते व इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचे, ११४९ घनसेंटिमीटरांचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे होते. आज तिचे उत्पादन होत नाही. जगाच्या बाजारात त्या दशकात या वर्गातील नामांकित मोटारी होत्या त्या अशा: १९८९ साली आलेली जपानची मॅझ्दा एमएक्स-५, १९९५ ची बीएमडब्ल्यू झेड-३ आणि १९९६ पासून विकल्या जाऊ लागलेल्या लोटस एलीस, पोर्श बॉक्स्टर व मर्सिडीज एसएलके. बॉक्स्टरचे इंजिन अडीच लिटरचे आणि २०४ अश्वशक्तीचे होते. साठ आणि दोनशेचार यांची तुलना ती काय करावयाची, असे कोणी म्हणेल. परंतु रस्त्यावर हा प्रश्न इतका सोपा राहात नाही.

प्रथम छपराचा विचार करू. बुटांचे पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, त्याला झाकण चिकटपट्टीने चहूबाजूंनी पक्के करावे आणि दोन टोके दोन हातांत धरून विरुद्ध दिशांना पिळावे. खोके दाद देत नाही. आता झाकण काढून पुन्हा पिळावे. खोके सहज वाकडे होते. बंद पोकळ आकार पीळ सहन करतो, उघडा आकार करू शकत नाही. मोटारीचे एक चाक खड्ड्यात व दुसरे उंचवट्यावर गेले, की सांगाड्यावर नेमका असाच पीळ पडतो. बंद मोटारीत छप्पर व त्याचे खांब हा भार वाटून घेतात. उघड्या मोटारीत ते नसल्यामुळे दारांखालच्या तुळया खोल व जाड कराव्या लागतात, तळाशी आडव्या पट्ट्या जोडाव्या लागतात, समोरच्या काचेची चौकट बळकट करावी लागते. छप्पर काढून वाचलेले वजन असे व्याजासह परत येते. इतके करूनही सांगाडा लवचिक राहिला, तर खडबडीत रस्त्यावर आरसा आणि चालकाच्या हातातील चक्र थरथरू लागते. त्याहून वाईट म्हणजे स्प्रिंगांनी करावयाचे काम सांगाडाच करू लागतो आणि चाके रस्त्याला नीट धरून राहात नाहीत. काचतंतूचे कवच हलके असते, त्याला गंजही लागत नाही. मात्र ते पीळ फारसा पेलत नाही, म्हणून सर्व भार त्याच्या खालच्या सांगाड्यावर येतो. एलीसच्या रचनाकारांनी ॲल्युमिनिअमच्या पोकळ तुळया डिंकासारख्या रसायनाने परस्परांना चिकटवून सुमारे ६८ किलोग्रॅमचाच सांगाडा बनविला. एसएलकेने दुसरा मार्ग धरला: पोलादी छप्परच घडी होऊन मागच्या पेटीत जाते. सोय उत्तम, पण त्या यंत्रणेचे ओझे मोटारीने सदैव वाहावयाचे.

आता वेगाकडे वळू. मोटार किती लवकर वेग घेते हे केवळ अश्वशक्तीवर अवलंबून नसते. दर टन वजनामागे किती अश्वशक्ती पडते हे पाहावे लागते. बॉक्स्टरचे वजन सुमारे १२५० किलोग्रॅम, म्हणजे टनामागे सुमारे १६३ अश्वशक्ती. एलीसचे इंजिन ११८ अश्वशक्तीचे, पण वजन अवघे ७२५ किलोग्रॅमच्या आसपास. भागाकार करून पाहावा. उत्तर तेच, १६३! म्हणूनच इंजिनांत एवढे अंतर असूनही दोघींना ताशी १०० किलोमीटरांचा वेग गाठण्यास सहा ते सात सेकंदच लागत. स्टॉर्मचे वजन एलीसइतके कमी धरले, तरी टनामागे ८३ अश्वशक्तीच हाती येते. सरळ सपाट रस्त्यावर ती या दोघींच्या मागे पडणार, हे मान्य केलेच पाहिजे.

शिवाय बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा मुंबईतील हवेपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते. इंजिन आपल्या ओढीने जेवढी हवा घेते, तेवढेच इंधन त्यात जळू शकते. तेव्हा साठ अश्वशक्तीचे इंजिन तेथे चोपन्नाच्या आसपास शक्ती देते. शहराच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरांवर नंदीदुर्गाचा डोंगर आहे. त्याच्या सुमारे १४७८ मीटर उंचीच्या माथ्यावर ती शक्ती आणखी घटते. बॉक्स्टरही या नियमातून सुटत नाही. हवा पंपाने दाबून भरणारे टर्बो इंजिन मात्र ही तूट बरीच भरून काढते.

नंदीच्या घाटात पोहोचलोच आहोत, तर वळणाचे गणित तेथेच करू. वळताना मोटारीला केंद्राकडे ओढणारे बल रस्ता व टायर यांच्यामधील घर्षणातूनच मिळते. आवश्यक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; वेग दुप्पट केला तर बल चौपट लागते. समजा, वळणाची त्रिज्या १० मीटर आहे आणि चांगले टायर कोरड्या रस्त्यावर वजनाच्या ०.८ पट पकड देतात. गणित केल्यास कमाल वेग सेकंदाला ८.८६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर येतो. या हिशेबात मोटारीचे वजन दोन्ही बाजूंनी छेदले जाते आणि अश्वशक्ती कोठेच येत नाही. सारखे टायर लावले, तर साठ अश्वशक्तीची मोटार आणि दोनशेची मोटार या वळणावर जवळजवळ बरोबरीच्या! पुढचे वळण येईतो जो सरळ तुकडा लाभतो, तेवढ्यातच मोठ्या इंजिनाला आपला पराक्रम दाखविता येतो.

मग वळणावर एक मोटार आज्ञाधारक आणि दुसरी अवजड का वाटते? उत्तर वजनाच्या जागेत आहे. खांद्यावर कावड घेतलेल्या माणसाला चटकन वळता येत नाही, कारण भरलेल्या घागरी दोन टोकांना असतात. तेच ओझे छातीशी धरले, तर तो सहज गिरकी घेतो. बॉक्स्टर व एलीस यांत इंजिन आसनांच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे मोटारीच्या पोटात बसविले आहे. म्हणून त्यांचे तोंड चटकन वळते. पण या गुणाला दुसरी बाजू आहे. लवकर वळणारी मोटार एकदा घसरून फिरू लागली, की तितक्याच लवकर हाताबाहेर जाते. एमएक्स-५ मध्ये इंजिन पुढे असले, तरी ते मागे सरकवून पुढच्या व मागच्या चाकांवरील भार जवळजवळ समान राखला आहे. जेमतेम ११५ अश्वशक्तीच्या या मोटारीला जगभर जी प्रीती लाभली, तिचे बरेचसे श्रेय या समतोलाला द्यावे लागेल. लहान कुटुंबाच्या मोटारीची यंत्रणा उसनी घेतली, तर इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना, अशी मांडणी पदरी येते. त्या चाकांनी ओढावयाचे आणि वळावयाचेही. पकड दोन कामांत वाटली जाते व वळणावर मोटारीचे नाक बाहेर जाऊ पाहते. चालकाने पाय सैल केला की ते बहुधा परत आत येते, म्हणून नवख्याला ही मांडणी सुरक्षित ठरते, रसिकाला किंचित नीरस.

उघडी मोटार ठेंगणी असते, हा तिचा मोठा लाभ. १००० किलोग्रॅमची मोटार, चाकांमधील रुंदी दीड मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर धरू. वरच्या जोराच्या वळणात आतल्या चाकांवरील २४० किलोग्रॅम भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरांवर असता, तर २९३ सरकला असता. भार जितका कमी सरकेल, तितकी चारही टायरांची पकड उपयोगी पडते. परंतु ठेंगण्या मोटारीचे पोट जमिनीपासून जेमतेम १२ सेंटिमीटर वर असते, आणि आपल्या रस्त्यांवर गतिरोधक असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. पुढच्या व मागच्या चाकांत सुमारे २.३ मीटर अंतर असलेली मोटार त्याच्या मधोमध आली, तर चाकांमध्ये उंचवटा केवळ ४ सेंटिमीटर वर येतो. पोट घासण्याचे कारण नाही. घासते ते गल्लोगल्ली मनमानीने रचलेल्या अरुंद, उभट उंचवट्यांवर, कारण त्यांची सगळी उंची दोन चाकांमध्ये सामावते. दोष येथे मोटारीचा नव्हे.

राहिला पाऊस. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली, तर सुरक्षित वेग निम्मा नव्हे, सुमारे सात दशांश होतो. ३२ चा २३. तेवढ्याने निभावते असे वाटून कोणी निर्धास्त होऊ नये. बंद मोटार उलटली तर छप्पर काही भार झेलते. उघडीत ते काम समोरच्या काचेची चौकट आणि आसनांमागील पोलादी कमान यांनाच करावे लागते. म्हणून अशी मोटार पाहताना इंजिनाचा आकडा विचारण्यापूर्वी ही कमान आहे की नाही, ती सांगाड्याला कशी जोडली आहे आणि आसनाचा पट्टा कोठे अडकविला आहे, हे वाकून पाहावे.